दोन निगेटिव्ह, एक फोटो: फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी फोटो कसे 'जोडले' जायचे?

पुणे-नाशिक रस्त्याने चाकण मागे टाकलं की राजगुरुनगर लागतं. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही खेडच. इथल्याच वाड्यात २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला. दर वर्षी २३ मार्च जवळ आला की सगळ्यांच्या मोबाइलवर एक चित्र फिरायला लागतं. मध्ये हॅट घातलेले भगतसिंग, एका बाजूला राजगुरू, दुसऱ्या बाजूला सुखदेव. स्टेटसला, बॅनरवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, सगळीकडे तेच.

आता त्या चित्राकडे जरा नीट बघा. भगतसिंगांची ती हॅट येते दिल्लीतल्या काश्मिरी गेटजवळच्या एका स्टुडिओत काढलेल्या फोटोतून. ८ एप्रिल १९२९ ला त्यांनी आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकला, त्याच्या काही दिवस आधीचा हा फोटो. त्या फोटोत ते एकटेच आहेत. म्हणजे खांद्याला खांदा लावलेलं ते त्रिकूट कुणीतरी वेगवेगळ्या प्रतिमा शेजारी आणून जुळवलंय. यात कुणाला फसवायचा हेतू नाही. जे तिघं एकत्र फासावर गेले ते एका चौकटीत दिसावेत, एवढीच लोकांची इच्छा. पण 'फोटो आहे म्हणजे तसं घडलं होतं' हे आपण किती सहज धरून चालतो, ते यातून कळतं.

हे जोडकाम कॉम्प्युटरमुळे सुरू झालं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात फोटोग्राफी विशीची व्हायच्या आधीच ते सुरू झालं होतं. आणि त्यातला एक मोठा प्रयोग मुंबईच्या एका फोटोग्राफरच्या नावावर आहे, ज्याचा विषय होता महाराष्ट्रातली माणसं.

मुळात दोन निगेटिव्ह जोडायची गरज का पडली?

कारण आभाळ पांढरं यायचं.

१८५० च्या दशकात फोटो काढायचे ते काचेवर. काचेला कोलोडियन नावाचा चिकट थर लावायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. थर वाळला की काच वाया. म्हणून फोटोग्राफर जाईल तिथे तंबू, बाटल्या आणि हमाल घेऊन जायचा. या थराची एक खोड होती. त्याला निळा प्रकाश भरपूर 'दिसायचा', हिरवा आणि लाल जवळजवळ नाहीच. झाडांचा तपशील यावा म्हणून जास्त वेळ प्रकाश घेतला की तेवढ्या वेळात निळं आकाश निगेटिव्हवर पूर्ण काळं व्हायचं. छापताना तिथे कोरा पांढरा कागद. ढगबिग काही नाही.

फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने यावर उपाय काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही एका कागदावर छापायच्या. १८५६-५७ च्या सुमाराची त्याची समुद्रचित्रं बघून लोक थक्क झाले. एकदा आकाश बदलता येतं म्हटल्यावर बाकीचं का नाही, असा विचार पुढे येणारच होता. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलँडर याने १८५७ साली तीसहून जास्त निगेटिव्ह एकत्र करून एकच भलंमोठं चित्र छापलं. नाव होतं 'जीवनाचे दोन मार्ग'. एका बाजूला सद्गुणी माणसं, दुसऱ्या बाजूला चैनी, त्यात उघडी शरीरंही. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत घेतली. आणि स्कॉटलंडमधल्या फोटोग्राफिक सोसायटीत त्यावरून वादावादी झाली. चित्रातली वाईट बाजू झाकून ठेवावी लागली, फक्त चांगली बाजू दाखवली गेली! पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणपंथाला लागलेल्या मुलीचं चित्र केलं. त्यावर तर लोक चिडलेच. चित्रकाराने असं चित्र काढलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण फोटो म्हणजे खरंच कुणीतरी मरत असताना कॅमेरा लावला, असा लोकांचा समज. मुलगी ठणठणीत होती, पोझ देत होती.

मुंबईचा जॉन्सन

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर रुजली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, कलकत्ता आणि मद्रासच्या आधी. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढायचे. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर तयार झाले. म्हणजे हे खूळ फक्त साहेबांचं नव्हतं.

याच सोसायटीच्या स्थापनेत आणि कारभारात होता विल्यम जॉन्सन. त्याने विल्यम हेंडरसनसोबत १८५६ ते १८५८ या काळात एक सचित्र मासिक चालवलं. त्यात छापील चित्रं नसायची, खरेखुरे फोटो चिकटवलेले असायचे. पश्चिम भारतातले पेहराव आणि माणसं, असं एक सदर त्यात होतं. माणसांना उभं करायचं, बसवायचं, हातात त्यांच्या धंद्याचं काहीतरी द्यायचं आणि फोटो घ्यायचा.

पुढे जॉन्सनने या निगेटिव्ह पुन्हा बाहेर काढल्या. १८६३ आणि १८६६ साली लंडनहून त्याचं दोन खंडांचं पुस्तक आलं. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचा सचित्र परिचय, असा त्याचा विषय. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाड. दुसरा खंड महाराष्ट्र. भारतातल्या लोकांवर फोटोंसह निघालेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत याची गणना होते. ब्रिटिश सरकारचे 'पीपल ऑफ इंडिया'चे प्रसिद्ध आठ खंड १८६८ पासून यायला लागले, हे त्याच्याही आधीचं.

पुस्तकात माणसांच्या मागे इमारती आहेत, मोकळा निसर्ग आहे. बघणाऱ्याला वाटतं, ही मंडळी तिथे उभी होती. पण ती तिथे नव्हती. माणसांची निगेटिव्ह वेगळी, मागच्या देखाव्याची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापलेल्या. फोटोग्राफीच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी हे मूळ फोटोंशी ताडून दाखवलं आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयात जॉन्सनचे अल्बम आहेत, ते ऑनलाइनही बघता येतात. हीच माणसं मूळ साध्या पार्श्वभूमीवर कशी दिसायची, ते त्यातून कळतं.

त्याने हे केलं कसं?

तेव्हा फोटो मोठा करून छापणारं यंत्र रोजच्या वापरात नव्हतं. जेवढी काच तेवढाच फोटो. निगेटिव्हची काच अल्ब्युमिनच्या कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, दाबून बसवायची आणि चौकट उन्हात ठेवायची. चित्र उन्हातच हळूहळू उमटायचं. मुंबईच्या उन्हाचा इथे फायदाच झाला असणार.

जोडकामासाठी आधी माणसाच्या निगेटिव्हवर ब्रशने काम करायचं. माणसाची कड धरून बाहेरचा सगळा भाग अपारदर्शक रंगाने झाकायचा. आता ही काच छापली की कागदावर फक्त माणूस उमटतो, भोवती कोरा पांढरा कागद. मग उलटं करायचं. माणसाच्या आकाराचा मास्क कापायचा, कागदावरच्या माणसावर तो तंतोतंत बसवायचा, वर देखाव्याची निगेटिव्ह ठेवायची आणि पुन्हा ऊन दाखवायचं. माणूस झाकलेला, म्हणून तो जसाच्या तसा राहतो आणि मोकळ्या जागेत देऊळ किंवा झाडी येते. मग कागदातली उरलेली चांदी काढून चित्र पक्कं करायचं. एक प्रत काढायला हे सगळं एकदा. शंभर प्रती काढायच्या तर शंभर वेळा. कड अर्धा मिलिमीटर सरकली की माणसाभोवती पांढरी किंवा काळी रेघ.

आता मुद्दा असा की रेयलँडरने जे केलं ते 'हे काल्पनिक चित्र आहे' असं सांगून केलं. जॉन्सनचं पुस्तक मात्र माहितीचं पुस्तक म्हणून विकलं गेलं. फोटोखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा धंद्याचं नाव आहे. ज्या माणसाला काही वेळ हलू नको म्हणून बसवलं, तो कागदावर येईपर्यंत त्याचं नाव गेलं, त्याची जागा गेली, आणि मागे भलतंच देऊळ आलं. तरी तो 'नमुना' म्हणून लंडनच्या कपाटांत जाऊन बसला. जॉन्सनला माणसं सुंदर दिसायला हवी होती, साधा पडदा त्याला कंटाळवाणा वाटला असेल, हेही खरं. हेतू वाईट नसला तरी आज '१५० वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र' म्हणून तेच फोटो कापून-छाटून फिरतात, तेव्हा पागोटं, लुगडं, दागिने यांबद्दल ते चांगले साक्षीदार ठरतात. मागच्या जागेबद्दल नाही.

आजच्या डार्करूममध्ये हे कसं करतात?

डिजिटलच्या जमान्यातही फिल्मवर फोटो काढणारे, घरच्या बाथरूमची डार्करूम करणारे लोक आहेत. दोन निगेटिव्ह जोडण्याचे त्यांच्यापुढे मुख्य दोन रस्ते असतात. वरवर ते सारखे वाटतात, पण परिणाम बरोबर उलटा येतो. नवशिक्याची गाडी इथेच अडते.

पहिला रस्ता म्हणजे सँडविच. दोन्ही निगेटिव्ह एकावर एक ठेवून एन्लार्जरमध्ये घालायच्या आणि एकदाच छापायचं. दुसरा रस्ता म्हणजे एकाच कागदावर आधी एक निगेटिव्ह छापायची, मग दुसरी, आणि मग कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा.

उदाहरण घ्या. एका निगेटिव्हवर जुन्या वाड्याची चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत आणि तिच्यात अंधारा दरवाजा आहे. दुसऱ्या निगेटिव्हवर चासकमान धरणावरचं पावसाळी आभाळ. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरी भिंत तिथे गडद काळी, अंधारा दरवाजा जवळजवळ पारदर्शक. सँडविच केलं तर प्रकाश फक्त दरवाजातून आरपार जातो, म्हणून ढग दरवाजाच्या आत दिसतात आणि भिंत पांढरीच राहते. आता तेच दोनदा छापून बघा. पहिल्या छपाईत दरवाजा कागदावर पूर्ण काळा होऊन बसला, तिथे दुसरं काही उमटायला जागा नाही. भिंतीचा कागद मात्र अजून कोरा आहे. म्हणून ढग येतात भिंतीवर!

थोडक्यात, सँडविचमध्ये दुसरं चित्र पहिल्याच्या सावलीत शिरतं, दोनदा छापल्यावर उजेडात. हे एकदा डोक्यात बसलं की कोणत्या दोन निगेटिव्ह जमतील ते टेबलावर बघूनच कळतं. कॅमेऱ्यातच एका फिल्मवर दोनदा फोटो घेतला तर तो सँडविचच्या जातीचा, म्हणजे दुसरं चित्र अंधाऱ्या जागेत दिसतं.

सँडविच स्वस्त आणि झटपट. पण निगेटिव्ह एकावर एक आल्या की प्रकाश दोनदा अडतो. एक काच दहावा भाग सोडते, दुसरी पाचवा, तर दोन्ही मिळून पन्नासावा. छापायला वेळ खूप लागतो, म्हणून थोड्या फिक्या निगेटिव्ह यासाठी बऱ्या. फिल्मचे चकचकीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटले तर पेट्रोलच्या थेंबासारखी गोल रंगीत वलयं दिसतात आणि ती छापतातसुद्धा. इमल्शनच्या बाजू समोरासमोर ठेवल्या तर दोन्ही चित्रं सारखी स्पष्ट येतात, पण मग एक चित्र डावं-उजवं उलटतं. पाटी किंवा दुकानाचं नाव त्यात असेल तर पंचाईत.

दोनदा छापण्यात कष्ट जास्त, ताबाही जास्त. एन्लार्जरच्या खाली आधी साधा पांढरा कागद ठेवायचा आणि दोन्ही चित्रांच्या मुख्य रेषा पेन्सिलने काढून घ्यायच्या. हा नकाशा. मग लेन्सखालचा लाल फिल्टर फिरवून आणायचा. ब्रोमाइड पेपरला लाल प्रकाश दिसत नाही, त्यामुळे खरा कागद ठेवूनही चित्र जागेवर आहे का ते तपासता येतं. कागदाच्या मागे एका कोपऱ्यात खूण करायची, नाहीतर अंधारात तो उलटा बसतो आणि आभाळ खाली येतं. पहिली निगेटिव्ह छापून झाली की कागद डब्यात बंद, निगेटिव्ह बदलायची, पुन्हा नकाशावर जुळवायचं, पुन्हा कागद. दोन्हीचे राखाडी भाग एकावर एक येऊन काळवंडतात, म्हणून प्रत्येकीला एकटीला लागला असता त्यापेक्षा कमी वेळ द्यावा लागतो. किती कमी, ते पट्टी-पट्टीने चाचणी घेऊनच.

जोडाची रेघ लपवण्यासाठी पुठ्ठा. पुठ्ठा कागदाला टेकवला तर कड धारदार येते. काही सेंटिमीटर वर धरून हळूहळू हलवला तर कड विरघळते. जॉन्सनला काच कागदाला चिकटवूनच छापावी लागायची, त्याला ही सोय नव्हती. त्याच्या फोटोंत माणसं कातरल्यासारखी दिसतात याचं हे एक मोठं कारण.

अमेरिकेतल्या जेरी युल्समनने ही पद्धत टोकाला नेली. १९६० च्या दशकापासून तो एका खोलीत अनेक एन्लार्जर ओळीने लावायचा. प्रत्येकात एक निगेटिव्ह. कागद एका यंत्राखालून दुसऱ्याखाली सरकवत जायचा. झाडं हवेत तरंगताहेत, घराला छपराऐवजी आकाश आहे, अशी त्याची चित्रं. कॅमेऱ्याचं बटण दाबताना फोटो पूर्ण होत नाही, तो डार्करूममध्ये घडतो, असं त्याचं म्हणणं. फोटोशॉप आल्यावरही २०२२ साली जाईपर्यंत त्याची ओळख डार्करूमवालाच राहिली.

आपल्याकडच्या हवेत काही अडचणी पुस्तकात नसतात. डेव्हलपरचं नेहमीचं तापमान २० अंश. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३० च्या वर असतं. मग चित्र भराभर चढतं आणि दोन छपायांचा हिशेब चुकतो. बर्फ घातलेल्या घमेल्यात ट्रे ठेवणं हा जुना इलाज. दुसरी कटकट व्होल्टेजची. व्होल्टेज खालीवर झालं की एन्लार्जरचा दिवा मंद-प्रखर होतो आणि दहा सेकंद म्हणजे दहा सेकंद राहत नाहीत. एका निगेटिव्हला हे चालून जातं, दोन जोडताना नाही. स्टॅबिलायझर इथे चैन नाही. आणि वापरलेल्या हायपोमध्ये चांदी विरघळलेली असते, तो मोरीत किंवा नदीत ओतण्याची वस्तू नाही.

फाळके आणि भास

या विद्येचा मराठी माणसाने केलेला सगळ्यात मोठा उपयोग सिनेमात दिसला. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते, ठसे बनवण्याचं आणि छपाईचं काम केलेले होते, जादूचे प्रयोगही करायचे. 'प्रोफेसर केळफा' या नावाने, म्हणजे फाळके उलटं वाचून. एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश घ्यायचा, त्यासाठी फिल्म मोजून मागे फिरवायची, हे त्यांना हातचं होतं. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाला होणारे भास याच युक्तीने दाखवले आहेत. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. प्रेक्षकांना युक्ती कळत नव्हती असं नाही. देवाच्या गोष्टीत त्यांना ती हवीच होती.

मग जोडलेला फोटो ओळखायचा कसा?

जुना असो की आजचा, आधी पाय बघा. माणूस जमिनीवर उभा असेल तर पायाशी सावली पडते. जोडकामात ती बहुतेकदा नसते किंवा घाईत काळ्या रंगाने फासलेली असते. मग नाकाची सावली कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि मागच्या इमारतीवर ऊन कुठून येतंय ते बघा. स्टुडिओत उजवीकडून उजेड आणि मागच्या देवळावर डावीकडून, असं झालं की समजायचं. केस, पदराची टोकं, पागोट्याचा शेमला अशा बारीक कडा बघा, मास्क कापणाऱ्याचा हात तिथेच थकतो. माणूस आणि मागची पायरी यांचं माप जुळतंय का, हेही.

पुढच्या २३ मार्चला ते तिघांचं चित्र आलं की हॅटच्या कडेभोवती बोटांनी झूम करून बघा. काही प्रतींमध्ये तिथे अजून एक पुसट रेघ सापडते.